पिंपळाजवळचं किराणा दुकान, आणि बिल मागायची मला लागलेली सवय

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार काहून कापला ते खाली आहे, तेवढं तरी वाचाच, कारण एवढं लिहायला बसली ती त्याच्यासाठीच.

दुकान आमच्या गावातलं. यवतमाळ जिल्हा, वस्ती हजाराच्या आतली, दुकानाला पाटी नाही, कधीच नव्हती, सगळे पिंपळाजवळचं दुकान म्हणतात आणि तेवढ्यावर परगावचा माणूसही बरोबर पोचते. तीसेक वर्षांपासून मी इथूनच सामान भरते, आधी याचे वडील बसायचे, आता हा बसते. हा माझा विद्यार्थी, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता, म्हणून मला अजून बाई म्हणते आणि मी त्याला अरेतुरे करते, तर कोणाला वाटन की बाई आपल्या पोट्ट्याचं कौतुक करून राहिली, तसं नाही, जे आहे ते लिहिते.

आताच लिहायचं कारण असं की यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, जुलै ते सप्टेंबर मी पोराकडे होती, जर्मनीत, म्युनिकला. सुनेचं बाळंतपण होतं. व्हिसा नव्वद दिवसांचाच भेटते, तेवढे पूर्ण राहिली. पोरगं ऑफिसात, सून बाळाजवळ, मग सामान आणायचं काम मी घेतलं, भाषा येत नव्हती पण आकडे वाचता येतात आणि चित्र पाहून आलू-कांदे ओळखता येतात, तेवढ्यावर निभलं. रोज पिशवी घेऊन एकटी जायची. परत आल्यावर पहिल्याच दिवशी पिंपळाजवळ चहापत्ती घेतली आणि पैसे देऊन माझा हात आपोआप पुढे झाला, बिलासाठी. तो पाहतच राहिला. म्हणे बाई, चिल्लर देऊ का?

आता दुकानाबद्दल. सकाळी सहाला उघडते, रात्री साडेनऊ-दहापर्यंत. तूरडाळ, चण्याची डाळ, फल्लीदाणे, पोहे, मुरमुरे, गूळ, तेलाचे पाऊच, साबण, वह्या-पेन, पोळ्याच्या टायमाला बैलाचं बेगड आणि झुली, संक्रांतीला तीळ, सगळं एवढ्याशा खोलीत. डाळ पोत्यातून काढून समोर तोलून देते. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते आणि हा खरंच करून घेते, मी शिक्क्यावरचं साल वाचलेलं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, माल खराब असला तर तोंडावर सांगते. मागच्या महिन्यात मी दोन किलो तूरडाळ मागितली तर म्हणे बाई ही नका नेऊ, शिजता शिजत नाही, सोमवारी दुसरी येणार आहे, आज अर्धा किलोच न्या. स्वतःचं दीड किलोचं गिऱ्हाईक त्यानं स्वतः कमी केलं. म्युनिकच्या दुकानात पंचवीस जातीच्या डाळी-कडधान्यं असतील पण तिथं कोणी सांगणारं नाही की ही नको ती घ्या, जे घ्यायचं ते पाकिटावर वाचून घ्या, काउंटरवरची बाई खुर्चीवर बसून इतक्या जोरात सामान सरकवते की आपण पिशवीत भरेपर्यंत मागच्याचं सामान येऊन पडते. ती बसून काम करते हे मात्र मला लय आवडलं. आपल्याकडे तालुक्याच्या मोठ्या दुकानात पोरी दिवसभर उभ्या असतात, त्यांच्या पायाकडे पाहवत नाही.

तिथला पहिलाच रविवार आठवते. सकाळी दूध संपलं, पोराला म्हटलं घेऊन ये, तो म्हणे आई आज रविवार, दुकानं बंद. मला वाटलं एखादं तरी उघडं असन. नाही. किराणा बंद, कपड्याचं बंद, सगळंच. रेल्वे स्टेशनातली, पेट्रोल पंपावरची दुकानं तेवढी चालतात आणि ब्रेडवाले काही तास उघडतात, पण तिथं भाव जास्त. बाकी दिवशीही रात्री आठला शटर खाली, बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं, तसा नियमच आहे. मी नागरिकशास्त्र शिकवलेली बाई, मला राहवलं नाही, पोराला शोधायला लावलं की हे कोणत्या कायद्यात आहे, तर रविवारच्या सुट्टीचं संरक्षण त्यांच्या राज्यघटनेतच निघालं, १९१९ च्या जुन्या, वायमार नावाच्या घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेत तसंच्या तसं घेतलेलं. मग १५ ऑगस्ट आला. आपला झेंडावंदनाचा दिवस, मी सकाळी मोबाईलवर गावच्या शाळेचा व्हिडिओ पाहिला आणि नंतर सामान आणायला निघाली तर दुकानं बंद! तिथं त्या दिवशी मेरीमातेचा सण असते, बव्हेरियात बहुतेक ठिकाणी त्याची सरकारी सुट्टी असते. यंदा तो शुक्रवारी होता. शनिवारी दुकानात ही गर्दी, कारण परत रविवारी बंद.

पहिले मला याचा राग आला, खोटं काहून सांगू. नंतर हळूहळू समजलं की त्या काउंटरवरच्या बाईलाही घर आहे, पोरं आहेत, आणि सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी म्हणून घरचे सगळे एकत्र जेवतात. आपल्या राज्यात २०१७ च्या दुकान कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येते, कायदा लागू असलेल्या दुकानात कामगाराला मात्र आठवड्यात एक दिवस सुट्टी द्यावी लागते. पण पिंपळाजवळच्या दुकानात कामगारच नाही, हा आणि याची बायको. त्यांना सुट्टी कोण देणार? रात्री दहाला कोणी दार ठोकून पावशेर साखर मागते, देते बिचारा. त्याच्या बायकोनं मला सांगितलं की दोघं मिळून माहेरी गेल्याला किती वर्षं झाली आठवत नाही. त्यानं रविवारी दुपारनंतर दुकान बंद ठेवलं तर मी तरी तक्रार करणार नाही, बाकीच्यांनीही करू नये, साखर आदल्या दिवशी आणून ठेवता येते.

दवाईचा किस्सा राहिलाच. तिथं एका रविवारी रात्री पोराला ताप चढला, घरातली पॅरासिटामॉल संपलेली. आपल्याकडे असं झालं तर मी पिंपळाजवळ गेली असती आणि गोळी भेटली असती, त्यात बेकायदेशीर काही नाही, हजाराच्या आतल्या गावात अशा घरगुती औषधांना, म्हणजे साधी तापाची गोळी वगैरे, औषध परवाना लागत नाही अशी सूट कायद्यातच आहे. तिथं साबण-शाम्पूच्या एवढ्या मोठ्या दुकानातही ही गोळी भेटत नाही, फक्त औषधाच्या दुकानात भेटते, लाल रंगाच्या मोठ्या ए अक्षराची पाटी असते त्यांची. आणि ते रविवारी बंद. पण दारावर कागद होता, आज रात्री कोणत्या औषध दुकानाची पाळी आहे त्याचा. सून तो वाचून तिकडे गेली, खिडकीतून गोळ्या दिल्या, रात्रीच्या सेवेचे अडीच युरो वरून घेतले. मला ते अडीच युरो नाही बोचले. आपल्या तालुक्याला रात्री बारा वाजता कोणतं मेडिकल उघडं आहे हे सांगणारा एक कागद असता तर किती लोकांची धावपळ वाचली असती, सापाच्या आणि विंचवाच्या दिवसात तर जास्तच.

भावाचं सांगते. आपल्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते, सगळे टॅक्स धरून, त्याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. मी समजत होती की सगळ्या जगात असंच असन. तिथं छापील किंमत नाहीच, दुकानदार ठरवन तो भाव, एकच पाण्याची बाटली एका दुकानात एका भावाची आणि स्टेशनावर कितीतरी जास्त, आणि तो गुन्हा नाही. पुस्तकं मात्र सगळीकडे एकाच भावाची, तसा वेगळा कायदा आहे त्यांचा, शिक्षिकेला बरं वाटलं ते ऐकून. फळीवर लिहिलेल्या भावात टॅक्स धरलेला असते, बिलावर खाली वेगळा दाखवते, खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर सात टक्के आणि बाकीवर एकोणीस. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला आहे, तो म्हणते तिकडे उलटं, वस्तूवर लिहिलेला भाव टॅक्सशिवायचा, काउंटरवर गेलं की वाढते, आणि बाजूच्या राज्यात गेलं तर टॅक्स वेगळा, ओरेगॉनसारख्या राज्यात तर विक्री टॅक्सच नाही. मी म्हटलं मग हिशेब करून हातात नेमके पैसे कसे नेता, तो म्हणे मावशी, कोणी नेतच नाही.

तर एमआरपी ही आपली चांगली गोष्ट आहे आणि पिंपळाजवळचं दुकान ती पाळते. थंडी बाटली वीसची वीसलाच देते. तालुक्याच्या एका बसस्टँडजवळ माझ्याकडून बावीस घेतले होते, फ्रीजचे दोन म्हणून. असं कोणी केलं तर १९१५ वर फोन लावा, ग्राहक हेल्पलाईन आहे, फुकट आहे. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून आंघोळीचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ झाला, मी आली तेव्हा याच्याकडे जुन्या छापाचाच माल होता, तरी त्यानं ज्या कंपनीकडून कमी भावाचा कागद आला त्या वस्तूंचे पैसे कमी घेतले, मी वहीत लिहून तपासलं.

एक गोष्ट तिथून शिकून आली ती इथं रोज कामी येते. तिथं फळीवरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पाकिटाचा भाव आणि खाली बारीक अक्षरात किलोचा नाहीतर लिटरचा भाव लिहिलेला असते. दोन पाकिटं मांडली की लगेच समजते कोणतं महाग. आपल्या पाकिटांवरही आता ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापायचा नियम आहे, कोपऱ्यात असते, पहा एकदा. पाच रुपयाचं बिस्कीट वर्षानुवर्षं पाच रुपयालाच आहे पण आतले ग्रॅम कमी कमी होत गेले, पोट्ट्यांना घरी बसवून मी हे गणित करायला लावलं, दुकानातून रॅपर मागून आणले, त्यानं दिले.

आता मुख्य गोष्ट, बिल.

जर्मनीत २०२० पासून असा नियम आहे की कॅश मशीनवर विक्री झाली की बिल द्यायलाच लागते, एक पाव घेतला तरी. लोक घेत नाहीत, डब्यात टाकतात, कागद वाया जाते म्हणून ओरडही आहे. पण माझ्या पोराच्या घरी एक बूट ठेवायचा डबा आहे त्यात मोठ्या वस्तूंची बिलं आणि त्या बिलांचे फोटोही मोबाईलवर, कारण तो कागद गरमीनं उडून कोरा होते. त्याची पाणी तापवायची विजेची किटली अकराव्या महिन्यात बंद पडली. मला वाटलं गेले पैसे. तो किटली आणि बिल घेऊन दुकानात गेला, मी सोबत होती, पोरीनं बिल पाहिलं, किटली पाहिली, नवीन काढून दिली. दहा मिनिटं लागली नसतील. घरी येऊन त्यानं समजावलं की विकलेल्या वस्तूची दोन वर्षं जबाबदारी विकणाऱ्याची, कंपनीची वॉरंटी असो नसो, आणि पहिल्या वर्षात बिघाड निघाला तर तो विकतानाच होता असं धरून चालतात, तसं नव्हतं हे दुकानदारानं सिद्ध करायचं. मात्र मला आवडलं नाही म्हणून परत घ्या हे दुकानात कायद्यानं नाही चालत, बाळाचं झबलं लहान झालं ते दुकानानं बदलून दिलं ती त्यांची खुशी. ऑनलाईन घेतलं तर चौदा दिवसात कारण न सांगता परत करायचा हक्क असते.

माझं मिक्सर आठवलं मला तेव्हा. तालुक्याला एका दुकानातून घेतलं होतं, कच्च्या चिठ्ठीवर, पंधरा दिवसात जळलं. दुकानदार म्हणे आमचं काम विकायचं, सर्व्हिस सेंटरला न्या, अमरावतीला. एसटीनं गेली, तिथं म्हणे बिल दाखवा. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव ना तारीख. दुकानात मोठ्ठं लिहिलेलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी सत्तावीस वर्षं पोरांना ग्राहकाचे हक्क शिकवले आणि स्वतः गप बसून परत आली, याचं मला आजही वाईट वाटते. कारण कायदा आपल्याकडेही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू. त्यात स्पष्ट आहे की बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि खराब निघालेला माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, बिलावर जी मुदत लिहिली असन तेवढ्यात आणि काहीच लिहिलं नसन तर तीस दिवसात. म्हणजे भिंतीवर काहीही लिहिलं तरी खराब मालाला ते लागू नाही.

आणि शेतकऱ्याला हे कोणी सांगायला पाहिजे का? आमच्या शेजारच्या घरी सोयाबीन उगवलंच नव्हतं दोन वर्षांपाठी. ज्यांच्याजवळ कृषी केंद्राचं बिल, बियाण्याची थैली आणि तिच्यावरचा टॅग होता त्यांच्या शेतात तालुक्याची समिती आली, पंचनामा झाला. यांच्याजवळ काहीच नव्हतं, बिल मागितलं नव्हतं कारण उधारीत माल आणला होता, मागायला लाज वाटली. त्यांची बायको माझ्या ओट्यावर बसून रडली.

उधारीचं लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू खोटा होईन. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन सडलं, कापसाची बोंडं काळी पडली. गावातल्या अर्ध्या घरांचा किराणा पिंपळाजवळच्या लाल वहीवर चालू आहे, कापूस निघाला की पैसे, व्याज नाही. त्यानं एकाही घराचं सामान बंद केलं नाही, मी विचारलं तर म्हणे बाई, बंद करून जातील कुठं, आणि मी तरी कुठं जाऊ. म्युनिकमध्ये हे कोणत्याच दुकानात शक्य नाही, मशीन पैसे घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. पण मी पाहिलं की या वहीमुळेच लोक तोंड उघडत नाहीत. तेल खवट निघालं तरी परत आणत नाहीत, कारण आपलंच देणं आहे ना. वहीत काय लिहिलं तेही कोणी वाचून घेत नाही. माझा विद्यार्थी प्रामाणिक आहे हे मला माहीत आहे, पण प्रत्येक गावातला प्रामाणिक असनच असं नाही, आणि उद्या याच्याकडूनही चुकून एक शून्य जास्त पडू शकते.

म्हणून एक स्टार कापला. त्याला समोर बसवून सांगितलं. तो म्हणे बाई, जीएसटी नंबर नाही माझ्याजवळ, बिल कसं देऊ, लफडं होईन. खरं आहे, मालाची वर्षाची विक्री चाळीस लाखाच्या आत असली तर आपल्या राज्यात नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी असलेल्यालाही दोनशे रुपयाच्या आतल्या विक्रीला गिऱ्हाईकानं मागितल्याशिवाय टॅक्सचं बिल द्यायलाच पाहिजे असं नाही. पण मी टॅक्सचं बिल कुठं मागून राहिली? साधा कागद, तारीख, वस्तू, वजन, भाव, याची सही. टॅक्सचा रकानाच नाही. आणि उधारीवाल्याला वहीतल्या त्याच ओळीची दुसरी प्रत. कार्बन घालून होते. त्याची बायको पटकन म्हणाली की हो, मला पण बरं पडन, संध्याकाळी हिशेब जुळत नाही तर भांडण आमच्यातच होते.

बाटलीचंही विचारलं. तिथं प्लास्टिकची पाण्याची बाटली घेतली की पंचवीस सेंट वरून घेतात आणि रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी निघते, पैसे परत. मी रस्त्यावर एक बाटली पडलेली पाहिली नाही. आपल्या राज्यात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटल्या परत घेऊन पैसे द्यायची तरतूद लिहिली होती, आमच्या गावापर्यंत आली नाही, नाल्यात बाटल्या आणि पन्न्याच आहेत. हा म्हणे कंपनी घेईन तर मी घेतो. हे त्याच्या हातात नाही, याचे मार्क मी कापत नाही.

फोनवरून पैसे चालतात, पाच रुपयाचेही. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या भाजीवर वरून फुकट भेटतात पण फक्त बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी. नवीन माल सोमवारी दुपारी येते, डाळ-पोहे तेव्हाच घ्या. दुपारी एक ते तीन त्याची बायको असते, ती जास्त व्यवस्थित तोलते. कार्बनवालं बिलबुक त्यानं दिवाळीआधी यवतमाळहून आणलं आहे, काउंटरखाली ठेवते, स्वतःहून काढत नाही, मागितलं की देते. तर मागा.